भिंतीवरची हिरवी साडी

“फोटोत हसायचं न्हाई म्हणं. पोरगी परदेशाला निघाली, आनंदाची गोष्ट, आन तोंड असं करून बसायचं, जसं काय डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलंय.” झुबेदाभाभी हे माझ्या कानाशी पुटपुटल्या. मुद्दाम कानाशी नव्हे. माझं दुकानच असं आहे की तिथं कुणी पुटपुटलं तर ते दुसऱ्याच्या कानातच पडतं. मिरजेत हॉस्पिटलांच्या रांगेत, एक औषधाचं दुकान आणि एक शहाळेवाला यांच्यामधे, हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागतील एवढी जागा. त्यात झेरॉक्सचं मशीन, कॉम्प्युटर, फोटोसाठी एक स्टूल आणि स्टुलामागं खिळ्यांना ताणून बांधलेली पांढरी चादर. चादरीपुढं त्यांची समीना बसली होती. नर्सिंग करून तीन वर्षं समोरच्याच हॉस्पिटलात रात्रपाळी करणारी पोरगी. हसू गालात दाबून धरल्यामुळं दाढ दुखत असल्यासारखी दिसत होती. “अम्मी, तू बाहेर थांब बघू, तुझ्यामुळं हसू येतंय मला,” ती ओठ न हलवता म्हणाली. मी म्हटलं, “भाभी, नियमच आहे तो. हसरं तोंड त्यांच्या मशीनला ओळखू येत नाही.” खरं सांगायचं तर हा नियम मला आवडतो. बारा वर्षं मी लोकांचे फोटो काढतेय, आणि माणूस हसायचं थांबला की तो कसा आहे ते जरा कळायला लागतं. झुबेदाभाभींना काही ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, “मग तुमचा बरा चालला हसरा? चांगले बत्तीस दात दिसत्यात की.” माझा कुठला फोटो, म्हटलं. “आवं ते परदेशाला पाठवत्यात त्या सरांच्या भिंतीवर! सांगलीत, विश्रामबागेच्या ऑफिसात. हिरवी साडी, हातात नारळ, शेजारी पारस, गळ्यात हार. एवढा मोठ्ठा.” त्यांनी हात पसरले आणि त्यांची बोटं खरंच दोन्ही भिंतींना लागली. “मीच आमच्या मालकांना म्हटलं, कीर्तीताईंचा पोरगा त्याच सरांकडनं गेलाय न्हवं, मग आता आणिक कुणाला इचारायचं?”

फोटो झाला. आता मशीनच्या काचेवर समीनाचे कागद ठेवायचे होते आणि मी काचेवर माझा हातच ठेवून बटण दाबलं. हिरवा उजेड तळव्याखालून सरकत गेला, कोमट, मांजर अंगाला घासून जावं तसा. खालून कागद आला, त्यावर काळा पंजा. बाईच्या हातावर एवढ्या रेषा असतात आणि आपण रोज तो फक्त साबणानं धुतो. मी तो कागद घडी करून कमरेला खोचला आणि म्हटलं, “मशीन तापलंय. जरा बसा.” मशीन तापलं नव्हतं. पण दुकानात मशीन तापलंय म्हटलं की कुणी काही विचारत नाही. डॉक्टर ऑपरेशनमधे आहेत म्हटल्यासारखं असतं ते.

ती हिरवी साडी मी मुंबईला नेसून जाणार नव्हते. विमानतळावर काय, उभंच राहायचं, साधी कॉटन बरी, असं माझं म्हणणं. पण सरांच्या ऑफिसातून फोन आला, काकू, चांगली साडी नेसा, आठवण राहील. त्यांचा एक माणूस तिथं हार घेऊन हजर होता. त्याचं केवढं कौतुक वाटलं आम्हाला. पारसचे अण्णा तर म्हणाले, बघ, आपलं काम झाल्यावरही माणूस पाठवला, कोण करतं आजकाल. त्या माणसानं आम्हाला काचेच्या दाराबाहेर उभं केलं, माझ्या हातात नारळ दिला आणि म्हणाला, काकू, हसा. मला रडू येत होतं. पोरगा कॅनडाला चाललेला, लॅबचा डिप्लोमा झालेला, तिथल्या कुठल्याशा हॉस्पिटलात रक्त तपासायचं काम. जेवायचं काय करेल, तिथं कांदा-लसूण न घातलेलं कोण देईल, थंडीत पाय फुटतील. पण काकू हसा म्हटल्यावर मी हसले. आयुष्यभर मी कुणी हसा म्हटल्यावर हसत आले. लग्नाच्या फोटोत हसले, बचत गटाच्या फोटोत हसले. आणि आता कळलं की ते हसू जवळजवळ वर्षभर त्या भिंतीवर नोकरीला आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. माझ्यासारख्याच बाया समोरच्या खुर्चीवर बसत असतील, पदरानं घाम पुसत माझ्याकडं बघत असतील, आणि मी तिथून त्यांना दात दाखवून सांगत असेन, द्या, कागद द्या, काही काळजी करू नका.

सरांना आम्ही आडनाव विचारलं नाही, हे मला फार पुढं लक्षात आलं. आमच्याकडं दारात पाव्हणा आला की चप्पल काढेपर्यंत आडनाव, आणि पाणी पिऊन होईपर्यंत गाव, मामा कुठले, सोयरीक कुणाकडं, एवढं निघतंच. पारसचे अण्णा, म्हणजे आमचे हे, जवाहर, हळदीच्या पेठेत दलालाकडं तीस वर्षं माल बघतात. पोत्यात हात घालून एक कांडी काढतात, कडकन मोडतात, आत रंग बघतात, मग बोलतात. त्यांनी न मोडता कांडी घेतल्याचं मला आठवत नाही. तर थंडीचे दिवस, सर घरी आले ते सहा वाजून गेल्यावर. मी पोहे टाकले, ताटली पुढं केली. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, मग घड्याळाकडं बघितलं आणि हात जोडले. “काकू, सूर्य मावळला. आता सकाळीच.” बास. पारसच्या अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मुनी महाराजच आहाराला आले होते आणि माझ्याकडून उशीर झाला. आमच्या घरातही आता सगळेच काही सूर्य मावळायच्या आत जेवत नाहीत. पारस तर रात्री अकराला नूडल्स करून खातो. पण दुसरं कुणी ते पाळताना दिसलं की पोटात कसं थंड वाटतं. त्या एका वाक्यावर माणसाचं आडनाव, गाव, मामा, सोयरीक सगळं आम्ही आमच्याच मनानं भरून घेतलं, फॉर्म भरल्यासारखं. आणि मी दिवसभर दुसऱ्यांना सांगते, एकही रकाना अंदाजानं भरू नका म्हणून. व्हिसा फक्त फिरायला जायचा आहे हे पारसच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचलं होतं. विचारलंही होतं. सर म्हणाले, आधी असाच जातो, तिथं गेल्यावर बदलून मिळतो. माझं शिक्षण बारावी नापास. कॉम्प्युटर मी चाळिशीत शिकले, तोही गिऱ्हाइकांच्या फॉर्मवर चुका करत करत. मला वाटलं, असेल बाई, आपल्याला काय कळतंय. हे वाक्य फार सोयीचं असतं. आपल्याला काय कळतंय, म्हटलं की कळलेलंही परत ठेवून देता येतं.

पारस गेला तो जूनमधे. रोज फोन यायचा, रात्री साडेनऊला. तिथं दुपार आहे म्हणायचा, बर्फ अजून नाही, लोक चांगले आहेत, काम बरं आहे. असे दीड-दोन महिने गेले. आणि एक दिवस त्यानं चुकून सकाळी फोन केला, नऊच्या सुमाराला, त्याच्या हिशेबानं तिथं मध्यरात्र हवी. तो सांगत होता की झोप येत नाही, तर मागून आवाज आला, “मेथीऽऽ, शेपूऽऽ, कांद्याची पाऽत.” गाडीवरून, पुणेरी, नाकातून. पारस एकदम गप्प झाला. मीही गप्प झाले. शेपूवाला मात्र गप्प होईना. मग मी म्हटलं, “अंगावर घेऊन झोप. गारठा असेल.” तो म्हणाला, “हो.” त्यानंतर महिनाभर मी टोरांटोचं हवामान मोबाइलवर बघायची आणि पुण्याचंही बघायची. दिवाळीला तो आला. सुट्टीवर आलाय, असं गल्लीत सांगितलं. कुणी सांगितलं ते आठवत नाही, बहुतेक मीच. त्याची बॅग धुवायला काढली तर एका मोज्यात पासपोर्ट होता. पासपोर्टाच्या झेरॉक्सा काढण्यात माझी बारा वर्षं गेली, मला पानं वाचायला लागत नाहीत, दिसतातच. जायचा शिक्का नऊ जून. परत आल्याचा शिक्का बारा जून. व्हिसावर आडवा ठप्पा, रद्द. मी पासपोर्ट होता तसा मोज्यात घातला, मोजा होता तसा गुंडाळला आणि बॅग न धुता उन्हात ठेवली.

तेव्हापासून सुट्टी चालू आहे. सहा महिने. आमच्या गल्लीत एवढी लांब सुट्टी कुणालाच मिळालेली नाही. पारसचे अण्णा पेठेत सांगतात, कंपनी फार चांगली आहे. एकदा जेवताना पारस म्हणाला, तिथं डाळ फार महाग. अण्णांचा घास हातातच राहिला. मला वाटलं आता मोडतात कांडी. पण ते म्हणाले, “आमटी घे.” त्यानं घेतली. दोनदा घेतली. आणि मी, खरं सांगते, सुखात होते. कुणाला सांगायची सोय नाही असं सुख. पोरगा सकाळी उशिरा उठतो, माझ्या दुकानाचा प्रिंटर दुरुस्त करतो, शहाळेवाल्याच्या मुलीला गणित सांगतो, दुपारी बारा-साडेबाराला सांगलीहून गाडीवरून माझा डबा घेऊन येतो आणि माझ्याबरोबर त्याच डब्यातलं अर्धं खातो. कुणाच्या पोटचं पोर पंचविसाव्या वर्षी रोज दुपारी आईच्या डब्यात हात घालतं? फसवणारा माणूस तुमच्या घरातून काहीतरी नेतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो एखादी गोष्ट परतही आणून टाकतो, हे कुणी बोलत नाही. रात्री मला वाटायचं, विचारावं. सकाळी वाटायचं, विचारलं तर सुट्टी संपेल. मग तो खाली मान घालून हिंडेल, किंवा पुण्यालाच जाऊन राहील. त्यापेक्षा असू दे. खोटं नव्हतं ते, फक्त कुणी उघडलं नव्हतं.

“तापलेलं निवलं का?” झुबेदाभाभींनी विचारलं. त्या आता स्टुलावर बसल्या होत्या आणि समीना उभी राहून निळी फाइल उघडत होती. गुणपत्रकं, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, जन्माचा दाखला, पासपोर्ट, सगळं मूळ. “ताई, सगळ्याच्या दोन-दोन कॉप्या. मूळ चार वाजता सरांकडं द्यायचेत. एम्बसीचं काम होईपर्यंत त्यांच्याकडंच राहणार.” तिनं पत्र माझ्या हातात दिलं. आयर्लंडमधलं हॉस्पिटल, वर शिक्का, खाली सही. सहीला लांब शेपटी, ती खालच्या नावावरून वळून परत मागं आलेली, नागपंचमीला पाटावर काढतात तशी. ही सही मला पाठ होती. पारसच्या पत्रावर अशीच होती, कॅनडाच्या हॉस्पिटलातली. नाव वेगळं, देश वेगळा, शेपटी तीच. आमच्या पारसचं पत्र मी पाच कॉप्या काढून नातेवाइकांत वाटलं होतं.

मी सुरुवात लांबून केली. भित्र्या माणसाची सुरुवात लांबूनच असते. म्हटलं, “समीना, मूळ कागद कुणाच्या ताब्यात द्यायचे नसतात गं. पासपोर्ट तर नाहीच.” ती म्हणाली, “पारसदादानं दिले होते ना?” दिले होते. म्हटलं, “सरकारकडं नोंद असलेल्या एजंटांची यादी असते, कॉम्प्युटरवर दिसते. यांचं नाव आहे का बघू या.” ती म्हणाली, “दादाच्या वेळी होतं का?” मी बघितलंच नव्हतं. म्हटलं, “मग त्या हॉस्पिटलला आपणच फोन लावू, खरंच बोलावलंय का विचारू.” तिनं जीभ चावली. “नको ताई! सर म्हणाले, परस्पर फोन केला की ते लोक ऑफर कॅन्सल करतात. आणि तुम्ही कशाला एवढं... तुमच्या घरचं तर नीट झालंय.” तिच्या आवाजात जरा टोचलं काहीतरी. स्वतःचा पोरगा गेला, आता दुसऱ्याची पोरगी निघाली की बायकांना कसं सुचतं, असं. मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मोठ्यानं म्हटलं असतं. ती पुढं म्हणाली, हळूच, “काल राजीनामा दिला मी. तिथं म्हणे पेशंट नावानं हाक मारतात. इथं तीन वर्षांत कुणाला माझं नाव माहीत नाही. सिस्टर, इकडं या, सिस्टर, तिकडं या.”

झुबेदाभाभींचं लक्ष दुसरीकडंच होतं. त्यांचे मालक मौला सतारी करतात, सासऱ्यांपासूनचं काम. “ह्यांनी माळा रिकामा केला ओ, ताई,” त्या म्हणाल्या. “सतारीचे भोपळे. काही सासऱ्यांनी वाळत टाकलेले. एकेक टिचकी मारून निवडलेला. त्याला कुठं बारीक तडा असला तरी ह्यांना कानानं कळतो. सगळे इकून टाकले शेजारच्याला, सरांचे पैसे भरायला. पोरीपरीस काय भोपळा मोठा हाय का? पण आता माळ्यावर बघवत न्हाई.” मग त्या जरा उजळल्या. “सर लय चांगला माणूस हाय मात्र. रमजानात आलते घरी, दुपारचं. पाव्हणा हाय, आमचा रोजा असला म्हणून काय झालं, सरबत करते म्हटलं. तर म्हणाले, नको भाभी, माझापन रोजा हाय. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग नाव-गाव बी इचारायचं ऱ्हायलं बघा.”

मला हसू फुटलं. म्हणजे आतल्या आत; बाहेर मी फोटोतल्यासारखी मख्ख. माणूस एकच. आमच्याकडं सूर्य मावळला म्हणून उपाशी, यांच्याकडं मावळला नाही म्हणून उपाशी. आणि आम्ही दोन्ही घरं, टिचकी मारणारे आणि कांडी मोडणारे, त्याच्या रिकाम्या पोटावर विश्वास ठेवून बसलो. तो मग कोपऱ्यावर जाऊन काय खात असेल? वडा खात असेल. या विचारानं मला एकदम बरं वाटलं. कमरेला खोचलेला तो पंज्याचा कागद टोचत होता.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि पारस डबा घेऊन आत आला, म्हणजे दारातच राहिला. आत चौथ्याला जागा नाही. “आई, भाजी तिखट झालीय, अण्णांनी फोडणी दिलीय, मी सांगून ठेवतोय,” तो म्हणाला. मग दोघींकडं बघून, “काय चाची, काय समीना.” झुबेदाभाभींनी सगळं गाव विचारतं तेच विचारलं, “कवा निघायचं परत?” तो म्हणाला, “बघू, पुढच्या महिन्यात.” हे तो इतकं सवयीनं म्हणतो की मलाही दर वेळी वाटतं, पुढच्या महिन्यात जाणार, स्वेटर काढून ठेवावा. समीना त्याच्याकडं वळली, पहिल्यांदाच मोकळी हसली, फोटो झालेला होता. “दादा, बरं झालं आलास. थंडीसाठी काय काय घेऊ? आणि विमानतळावर ते लोक काय विचारतात रे? मला इंग्रजीत एकदम सुचत नाही.” पारस दाराच्या चौकटीला टेकला. “थर्मल घे दोन,” तो म्हणाला. “हातमोजे. ओठांना लावायला काहीतरी.” मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते. हे सगळं त्यानं व्हिडिओंतून पाठ केलेलं. “आणि विमानतळावर...” तो म्हणाला, आणि थांबला. त्याची नजर मी काचेवर सुलटच ठेवलेल्या पत्रावर गेली होती. सहीवर. शेपटी बघितली त्यानं. मग माझ्याकडं बघितलं. मी नजर काढून घेतली नाही. सहा महिने मी ती वेळेवर काढून घेत आले होते, आमटी वाढायला, गॅस बारीक करायला, काहीतरी. आज हातात पळी नव्हती.

बाहेर शहाळेवाला कोयत्यानं शहाळं सोलत होता, चार घाव, मग थांबणं, मग एक. समीना उत्तराची वाट बघत होती. तिच्या हातात निळी फाइल उघडी. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजत आला होता. चारला अजून तीन तास. मला सुचेल ते लांबून बोलून झालं होतं. आता जवळून बोलायचं एकच वाक्य उरलं होतं आणि ते माझं नव्हतं. मी फक्त दार उघडू शकत होते. ते उघडलं की माझ्या डब्यातला अर्धा वाटा जाईल, कदाचित. जाऊ दे. मी डबा त्याच्या हातातून घेतला, मशीनवर ठेवला, आणि चहात साखर किती विचारावी तशा आवाजात विचारलं, “पारस, तिथं किती दिवस होतास रे?”

झुबेदाभाभी म्हणाल्या, “आता हे काय इचारणं? पाच म्हैने न्हवं?”

पारसनं दाराच्या चौकटीवरचा जुना स्टिकर नखानं खरवडला, निघाला तेवढा. मग हात पँटला पुसला. मला वाटलं, गाडीला किक मारून जाईल. पण तो आत आला. कसा कुणास ठाऊक, जागा नव्हतीच. समीना पांढऱ्या चादरीला चिकटली, भाभींनी गुडघे वळवले, आणि तो मशीनपाशी उभा राहिला.

“नऊ तास,” तो म्हणाला. “नऊ तास, आई. विमानतळावरच्या एका खोलीत, खुर्चीवर. त्यांनी त्या हॉस्पिटलला फोन लावला माझ्यासमोर. असं पत्र आम्ही कुणाला दिलंच नाही म्हणाले. बर्फ-बिर्फ काही बघितला नाही मी. मग पुणे. तो शेपूवाला तुला ऐकू आला होता, ठाऊक आहे मला.” मग त्यानं काचेवरचं पत्र उचललं, समीनाच्या फाइलमधे ठेवलं, फाइल बंद केली आणि तिच्या हातावर हात ठेवून ती तिच्याकडंच दाबून धरली.

“चार वाजता जाऊ नको, समीना. मला फसवलंय त्यानं.”